तेरीज जुळली, पण हिशेब?

‘ट्रायल बॅलन्स जुळतोय ना? मग झालं!’ बेटेगाव-बोईसर भागात तारापूर एमआयडीसीच्या कामांवर चालणारी लहान वर्कशॉप्स आहेत. तिथे मार्चअखेरीला एवढ्या भरवशावर फाइल सीएकडे पाठवली, तर मोठ्या चुका तशाच पुढे जातात.

ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज. हा शब्द जुना. पेशवाईतल्या मोडी कागदांतही हिशेबाच्या गोषवाऱ्याला तेरीज म्हणत. हाताने वह्या लिहिताना कीर्दीतली प्रत्येक नोंद खतावणीत दोन खात्यांवर उतरवावी लागे. एक बाजू राहून जाई, बेरीज चुके, आकडे उलटे पडत. म्हणून नावे आणि जमा यांच्या बेरजा जुळणं ही खरी परीक्षा होती. फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला, तर 4,950 चे 9,450 झालेत का, हे आधी शोधायचं, अशी युक्तीही होती. आता टॅलीसारखं सॉफ्टवेअर दोन्ही बाजू सारख्या असल्याशिवाय व्हाउचर सेव्हच करू देत नाही. तुम्ही 9,450 टाकलेत तर ते नावेलाही पडतात आणि जमेलाही. तेरीज जुळलेलीच राहते, चूकही तशीच राहते.

समजा, 3,00,000 रुपयांचं लेथ मशीन घेतलं आणि नोंदीत ‘मशिनरी’ऐवजी ‘दुरुस्ती खर्च’ हे खातं निवडलं गेलं. बेरजा जुळतील, पण खर्च 3 लाखांनी फुगेल आणि ताळेबंदात मशीन दिसणारच नाही. बिल नोंदवायचं राहिलं, दोनदा पडलं, एका पार्टीचे पैसे दुसरीच्या खात्यात गेले, यातलंही काही बेरजेत उमटत नाही. ते सापडतं ओळी वाचताना: दुरुस्ती खर्च गेल्या वर्षीच्या कितीतरी पट का?

त्यासाठी तेरीज खातेवार उघडावी लागते. टॅलीत सुरुवातीला फक्त गट दिसतात. ‘संड्री डेटर्स’च्या एका आकड्यात एखाद्या गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स इतरांच्या येण्यातून वजा होऊन दडलेला असतो. वरची तारीखही पाहा. कालावधी चुकीचा असेल तर पुढचं सगळं वाचन वाया. मी सर्वांत आधी रोख शिल्लक पाहते. ती जमा बाजूला असेल, तर गल्ल्यात नव्हते तेवढे पैसे खर्ची पडलेत: एखादी आवक नोंदवायची राहिली आहे किंवा तारीख चुकली आहे. बँकेचं तसं नाही. ओव्हरड्राफ्ट असेल तर जमा शिल्लक बरोबरच. आणि स्टेटमेंटमध्ये जमा दिसणारी रक्कम आपल्याकडे नावे दिसते, कारण स्टेटमेंट ही बँकेची वही आहे. हा फरक ‘दुरुस्त’ करायला उलटी नोंद टाकू नका.

सॉफ्टवेअर असूनही ‘डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस’ ही ओळ दिसते, कारण सुरुवातीच्या शिल्लका खात्यागणिक एकेरी भरल्या जातात. तो फरक सस्पेन्स खात्यात टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. गेल्या वर्षीच्या ऑडिट झालेल्या ताळेबंदाशी एकेक खातं ताडून पाहा.

तेरजेवरून थेट नफा काढण्याची घाईही नको. अखेरचा माल सहसा तिच्यात नसतो. घसारा आणि देणे खर्च यांच्या नोंदीही बऱ्याचदा शेवटीच पडतात.

मात्र तेरीज काढायला मार्च कशाला हवा? दरमहा जीएसटीचं 3बी विवरण भरणाऱ्याने 20 तारखेआधी मागच्या महिन्याची तेरीज काढून जीएसटीच्या शिल्लका विवरणाशी ताडाव्यात. तेव्हा फरक निघाला तर बिल अजून हाताशी असतं आणि माल कुणी उतरवून घेतला, हेही आठवत असतं.