उशिरा आलेले बोलावणे

पावसाळा निम्मा सरला की खेड्यापाड्यांतल्या काही घरांत एक विचित्र पेच पडतो. आपण असे धरू, की कराड तालुक्यातल्या एका मुलीने रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. केले. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात तिला एम. एस्सी.साठी जागा मिळाली. फी भरली, वसतिगृहात खाट मिळाली, वडील एस. टी.ने ट्रंक आणि गादी पोचवून आले. तीन आठवडे तास झाले. आणि मग पुणे विद्यापीठाकडून निरोप आला : प्रतीक्षा यादीतला तुमचा क्रमांक लागला आहे, दोन दिवसांत प्रवेश घ्या. झालं! घरात दोन तट पडले. चुलते म्हणतात, "पुणं ते पुणं. असली संधी सोडायची नसते." आई म्हणते, "पोर आत्ता कुठं रुळायला लागली होती." आणि वडील भरलेल्या फीच्या पावतीकडे बघत गप्प बसतात.

हा पेच जुन्या पिढीला ठाऊक नव्हता. शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले ते १९६२ साली. त्याआधी कोल्हापूर-साताऱ्याकडची महाविद्यालये १९४९ साली सुरू झालेल्या पुणे विद्यापीठाकडेच होती. निवड करायची तर दुसरे विद्यापीठ जवळ हवे ना! पुढे सोलापूरला २००४ साली विद्यापीठ झाले, साताऱ्याला २०२१ साली झाले. आता एकाच विद्यार्थ्याने तीन-चार ठिकाणी अर्ज करणे यात वावगे काही नाही; तो शहाणपणाच आहे. पण उशिराचे बोलावणे जन्माला येते ते नेमके त्यातूनच.

ते कसे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. समजा, एका विभागात तीस जागा आहेत. पहिल्या तीस मुलांना बोलावले. त्यांतल्या पाचांना दुसरीकडे अधिक पसंतीची जागा मिळाली, ते गेले. म्हणून एकतिसावा ते पस्तिसावा आत आले. पण हे पाचजण तरी मोकळे थोडेच बसले होते? त्यांनी कुठे तरी प्रवेश घेतलाच होता. तो त्यांनी सोडला, आणि तिथे पाच जागा रिकाम्या झाल्या. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जावे तशी ही रिकामी जागा एका विद्यापीठातून दुसऱ्यात सरकत राहते, आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायला तिला महिना लागतो.

या कोड्यावर डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ साली एक छोटासा लेख लिहिला. त्यांची युक्ती थोडक्यात अशी : विद्यार्थ्याने आपल्या पसंतीचा क्रम खराखरा लिहून द्यावा, महाविद्यालयाने जागा लगेच पक्की न करता तात्पुरती धरून ठेवावी, अधिक पात्र विद्यार्थी आला तर ती त्याला द्यावी, आणि आधीच्याने आपल्या यादीतल्या पुढच्या ठिकाणी जावे. सगळी हलवाहलव संपली म्हणजे मगच जागा कायम करायच्या. लेख लहान, पण त्याचे मोल मोठे ठरले. शॅप्ली यांना २०१२ साली आल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल तोवर हयात नव्हते. आपल्याकडे २०१५ पासून आय. आय. टी. आणि एन. आय. टी. या संस्थांचे एकत्रित जागावाटप याच विचाराच्या धर्तीवर, अनेक फेऱ्यांत होते. अशा केंद्रीय फेरीत वरची जागा मिळाली की खालची आपोआप जाते. म्हणजे तिथली खरी निवड पसंतीचा क्रम भरतानाच होऊन गेलेली असते, मागाहून नव्हे. शिक्षकबंधुभगिनींनी हे मुलांना आधीच सांगायला हवे, कारण "वरती नाव टाकून तर बघू" म्हणून टाकलेले नाव कधी कधी खरेच लागते!

पण जिथे प्रत्येक विद्यापीठ आपापली यादी आपापल्या वेळी लावते, तिथे हा निर्णय घरातच करावा लागतो. तिथे माझे म्हणणे एवढेच, की दोन्ही बोलावणी एकाच दिवशी, एकाच टपालाने आली असती तर आपण काय केले असते, हे आधी स्वतःला विचारावे. उशिरा आलेल्या बोलावण्याला एक खोटी चकाकी असते. आधी नकार मिळालेला असतो, मन हिरमुसलेले असते. त्यामुळे मागाहून आलेला होकार मानपत्रासारखा वाटू लागतो. वास्तविक कोणी तरी एक जागा सोडली, एवढाच त्याचा अर्थ. तसेच, प्रतीक्षा यादीतून आलेली मुलगी काही कमअस्सल ठरत नाही. पहिल्या यादीची अखेर आणि दुसरीची सुरुवात यांत पुष्कळदा एखाद्या गुणाचेच अंतर असते.

आता उशिराची किंमत पाहू. शास्त्राच्या विद्यार्थ्याची मोठी किंमत प्रयोगशाळेत मोजली जाते. बुडालेल्या तासांच्या वह्या मैत्रिणीकडून उतरून घेता येतात, पण प्रयोग उतरून घेता येत नाही. म्हणून पुण्याला फोन करून पहिला प्रश्न हा विचारावा, की झालेली प्रात्यक्षिके भरून काढू देणार का, आणि हजेरी कोणत्या दिवसापासून धरणार? दुसरा प्रश्न शाखेचा. सेंद्रिय, विश्लेषणात्मक, भौतिक अशा शाखांची वाटणी कित्येक ठिकाणी गुणानुक्रमे होते, आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला उरलेली शाखा येते. मुलीला सेंद्रिय रसायन हवे असेल, ते कोल्हापुरात मिळण्याजोगे असेल आणि पुण्यात नसेल, तर नुसत्या गावाच्या नावाला काय करायचे?

तिसरा प्रश्न वसतिगृहाचा, आणि खेड्यातल्या कुटुंबाला हाच सर्वांत जड जातो. विभागात जागा रिकामी झाली म्हणजे वसतिगृहात खाट रिकामी झाली असे मुळीच नाही. ती यादी वेगळी असते आणि बहुधा आधीच भरून गेलेली असते. मग खोलीचे भाडे, अनामत, खाणावळ, रोजचा बसचा प्रवास, असा दोन वर्षांचा हिशेब कागदावर मांडावा. तोंडी हिशेबात नेहमी काही तरी विसरते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. इतर काहींना पंजाबराव देशमुखांच्या नावाने असलेला निर्वाह भत्ता आहे. पण ही मदत हाती यायला वेळ लागतो, आणि घरमालक भाडे महिन्याच्या महिन्याला मागतो.

एवढे करूनही पुण्याचे पारडे जड राहिले, म्हणजे हवी ती शाखा आहे, ज्यांच्या हाताखाली शिकावे असे प्राध्यापक आहेत, राहण्याची सोय झाली आहे, तर तीन आठवड्यांच्या सवयीसाठी मागे राहू नये, असे मी आईला सांगेन. चुलत्यांना मात्र विचारीन, की पुणे म्हणजे नेमके काय मिळणार? त्याचे उत्तर "नाव" एवढेच निघाले तर मुलगी कोल्हापुरातच बरी.

जायचे ठरलेच तर घाईत क्रम चुकवू नये. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, ही म्हण इथे अक्षरशः पाळायची. आधी पुण्याची फी भरून पावती हाती घ्यावी, मगच कोल्हापूरचा प्रवेश रद्द करण्याचा अर्ज द्यावा. अर्जाच्या दोन प्रती कराव्या आणि एकीवर कचेरीचा शिक्का व तारीख घ्यावी, कारण फीचा परतावा तारखेवर ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर अखेरच्या तारखेपूर्वी पंधरा दिवस किंवा त्याआधी प्रवेश सोडला तर थोडे प्रक्रिया शुल्क कापून सर्व फी परत मिळते. त्यानंतर, पण अखेरच्या तारखेच्या आत सोडला तर ९० टक्के. तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत ८० टक्के. तीस दिवसांपर्यंत ५० टक्के. पुढे काही नाही. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत करावी लागते. आयोग कधी कधी त्या वर्षापुरती अधिक सवलत देतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परताव्याची मुदत होती. म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक पाहावे.

मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हेही त्याच नियमांत आहे. विद्यापीठ बदलताना स्थलांतर प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळायला काही दिवस जातात; तेव्हा अर्ज त्याच फेरीत करून टाकावा. शिष्यवृत्तीचा अर्ज कोल्हापूरच्या नावाने भरला असेल तर तो तिथून काढून पुण्याच्या नावाने भरायचा कसा, हे दोन्हीकडच्या कारकुनांना विचारून घ्यावे. आणि वसतिगृहाची खोली रीतसर सोडल्याची चिठ्ठी घ्यावी; प्रतीक्षा यादीवरची एखादी मुलगी त्याच खाटेची वाट पाहत असेल.