जवाईचे बिबटे: उजेड कधी, कॅमेरा कसा?

राजस्थानच्या पाली जिल्ह्यात, जवाई धरणाभोवतीच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांमध्ये बिबटे कपारींत राहतात. झाडोरा विरळ, त्यामुळे जनावर उघड्या खडकावर दिसतं. उजाडल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास सर्वांत मोलाचा. ऊन तिरपं असतं, अंगावरचे ठिपके उठून दिसतात, डोळ्यांत चमक येते. ऊन चढलं की बिबट्या सावलीत सरकतो. कमी उजेडात आयएसओ ३२०० पर्यंत बेलाशक वाढवा. रवाळ फोटो चालतो, हललेला वाया जातो. चालत्या बिबट्याला शटर १/१००० सेकंद हवा, बसलेल्याला १/२५० पुरतो. मागे काळोखी कपार असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, नाहीतर पिवळी कातडी फटफटीत येते. अंधारात स्पॉटलाइट मारू नका, गाइडलाही मारू देऊ नका.