शार्त्रच्या काचेतला शोमरोनी
चर्चमधल्या रंगीत काचा म्हणजे निरक्षरांचे बायबल, असे सरसकट सांगितले जाते. या मताला आधार दिला जातो तो पोप पहिले ग्रेगरी यांच्या इ.स. 600 च्या सुमाराच्या पत्राचा. मार्सेच्या बिशपने चर्चमधली चित्रे फोडली होती. ज्यांना अक्षरओळख नाही ते निदान भिंतींवर पाहून तरी वाचतात, असे पोपनी त्याला सुनावले. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथीड्रलची एक खिडकी नीट पाहिली, की हे मत डळमळू लागते.

1194 च्या आगीनंतर कॅथीड्रल नव्याने उभे राहिले आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या दक्षिण बाजूला ही खिडकी बसली. ती वाचायची खालून वर. विषय लूककृत शुभवर्तमानातल्या चांगल्या शोमरोन्याचा. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या वाटसरूला लुटारू नागवतात, याजक आणि मंदिरसेवक लेवी त्याला पाहून पुढे जातात, परका शोमरोनी मात्र त्याच्या जखमा बांधून त्याला उतारशाळेत नेतो. इथे गोष्ट पुरी होते, आणि वर बरीच खिडकी अजून शिल्लक असते!

तिथे देव आदामाला घडवतो. मग हव्वा, झाडाला विळखा घातलेला सर्प, एदेन बागेतून हकालपट्टी. आदाम जमीन खणतो, हव्वा सूत कातते, काईन हाबेलला मारतो. सगळ्यात वर ख्रिस्त.

दोन कथांचा सांधा काचेत कुठेच दिसत नाही. तो धर्मपित्यांच्या भाष्यांत आहे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने तो नोंदवला, ऑगस्टीनने वाढवला. वाटसरू म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे स्वर्ग, शोमरोनी म्हणजे खुद्द ख्रिस्त आणि उतारशाळा म्हणजे चर्च. परोपकाराची साधी गोष्ट अशी मानवजातीच्या तारणाची कथा होते. सान्सच्या कॅथीड्रलमध्ये हाच विषय आहे, पण तिथे प्रत्येक प्रसंगाभोवती त्याचा अर्थ उलगडणारी चित्रे मांडली आहेत. शार्त्रच्या कलाकाराने एवढीही मदत केलेली नाही. कीर्तनात निरूपण आधी आणि आख्यान नंतर. इथे आख्यान आधी आणि निरूपण नंतर, प्रवचनात. ते ऐकल्याशिवाय अक्षरशत्रूला काय, पंडितालाही हा सांधा नुसत्या डोळ्यांनी लागला नसता.

तळाच्या चित्रांना मात्र भाष्यकार लागत नाही. तिथे जोडे शिवणारे कारागीर आपापल्या कामात आहेत. हेच कारागीर खिडकीचे दाते, असे परंपरा मानते. जेन वेल्च विल्यम्स यांनी 1993 च्या पुस्तकात त्यावर शंका घेतली: व्यावसायिकांची ही चित्रे म्हणजे धर्मगुरूंना हवी तशी रंगवलेली समाजव्यवस्थाही असू शकते. मला ही शंका रास्त वाटते. वरच्या चित्रांचा अर्थ ज्यांच्या हाती होता, त्यांनी खालचीही आपल्या मर्जीने मांडली असतील.