पाऊस, नदी आणि विहीर : माळव्याच्या पाण्याचा जमाखर्च

पावसाळ्यात दर महिन्याच्या अखेरीस पावसाचा आकडा प्रसिद्ध होतो. ‘सरासरीइतका’ हा शब्द वाचला की आपण वर्तमानपत्र बाजूला ठेवतो आणि वर्षाची काळजी संपली असे मानतो. परंतु सरासरी गाठलेल्या वर्षीही चैत्र-वैशाखात इंदूरच्या कित्येक वस्त्यांत टँकरची वाट पाहावी लागते आणि भोवतालच्या खेड्यांत विहिरींचे तळ दिसू लागतात. मग आकडा खोटा म्हणावयाचा काय? नाही. आकडा खराच असतो. मात्र तो एकाच खात्याचा असतो. पाण्याची खाती तीन : पाऊस, नदी आणि भूजल. पहिल्या खात्यातील जमा उरलेल्या दोहोंत कशी उतरते, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम आकड्याचा अर्थ पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. इंदुरात वर्षाकाठी सरासरी सुमारे ९५० मिलिमीटर, म्हणजे ३७ इंचांच्या आसपास पाऊस पडतो. त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या जुलै व ऑगस्ट महिन्यांत पडतो आणि ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत वाट्याला येतात त्या काही तुरळक सरी व हिवाळ्यातला एखादा मावठा. हवामानखात्याच्या परिभाषेत सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी किंवा अधिक पडलेला पाऊस ‘सरासरीइतका’च गणला जातो. शिवाय महिन्याची बेरीज तो पाऊस कसा पडला हे सांगत नाही. २५० मिलिमीटर पाऊस वीस दिवसांत रिमझिमला काय, किंवा तीन दिवसांत कोसळला काय, बेरीज एकच. जमिनीच्या दृष्टीने मात्र ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे अंतर पडते ते माळव्याच्या काळ्या मातीमुळे. उन्हाळ्यात ही माती आकसते आणि तिला हात हात खोल भेगा पडतात. मृगाचे पहिले पाणी ह्या भेगांवाटे थेट खाली उतरते. परंतु माती भिजली म्हणजे फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी मुंगीच्या पावलाने जिरते. अशा वेळी संततधारेचा काही भाग तरी मुरतो. मुसळधार पाऊस मात्र मातीसकट ओढ्याला मिळतो. आकडा फुगतो, नदीला पूर येतो, विहिरीच्या पदरात मात्र थोडेच पडते.

मातीखाली आहे तो काळा पाषाण. महाराष्ट्राच्या पठाराप्रमाणेच माळव्याचे पठारही लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेले आहे. वाळूच्या प्रदेशात दोन कणांमधल्या जागेत पाणी साठते. ह्या पाषाणात मात्र ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांतच राहू शकते. शंभर घनमीटर खडकातून सुटून हाती येणारे पाणी बहुधा दोन-तीन घनमीटरच भरते. समजा, पावसाचे १०० मिलिमीटर पाणी खरोखरीच भूजलाला मिळाले. खडकाची ही क्षमता दोन टक्के धरली, तर विहिरीची पातळी पाच मीटर चढेल. भाद्रपदात काठोकाठ आलेली विहीर पाहून आपण हरखून जातो, ती ह्या हिशेबामुळे. परंतु तोच हिशेब उलटाही लागू पडतो : तेवढेच १०० मिलिमीटर उपसले की पाच मीटर पाणी उतरले! आपली विहीर लवकर भरते याचे कारण पाणी विपुल आहे हे नव्हे. तिचे भांडे लहान आहे, हे होय.

आता नदीकडे वळू. इंदूरच्या दक्षिणेला विंध्याचा कडा आहे. तेथून चंबळ, गंभीर, क्षिप्रा ह्या नद्या उत्तरेकडे वाहत जातात. त्यांच्या उगमी बर्फ नाही. पावसाळ्यात त्या पावसावर वाहतात; पाऊस सरल्यावर पात्राच्या दोन्ही अंगांच्या जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्यावर जगतात. मार्गशीर्षातले नदीचे पाणी म्हणजे श्रावणात जमिनीने राखून ठेवलेले पाणीच. काठावरच्या विहिरींची पातळी पात्राच्या तळाखाली गेली की हा पाझर थांबतो. उलट नदीचेच पाणी जमिनीत शिरू लागते. म्हणून क्षिप्रा हिवाळ्यातच आटली, तर दोष केवळ आकाशाला देता येणार नाही.

इंदूरचा इतिहास हेच सांगतो. बिलावली, सिरपूर, पिपल्यापाला हे तलाव आणि घरोघरच्या विहिरी यांवर हे शहर वाढले. १९३९ साली होळकर संस्थानाने गंभीर नदी अडवून यशवंत सागर बांधला. लोकवस्ती वाढली, तेव्हा १९७८ साली नर्मदेचे पाणी आले. मंडलेश्वराजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि सुमारे ५०० मीटर चढण ओलांडून ते वर आणावे लागते. त्याचा प्रत्येक थेंब विजेच्या बळावर विंध्य चढतो. दरम्यान खोल कूपनलिकांनी शेकडो फुटांवरच्या भेगाही गाठल्या. त्या भेगा भरण्यास फार काळ लागतो, रित्या होण्यास लागत नाही. इंदूर जिल्ह्यात वर्षभरात जितके पाणी मुरते त्याहून अधिक उपसले जाते. अखेर २०१४ साली क्षिप्रेच्या उगमाशीही नर्मदेचे पाणी सोडावे लागले आणि २०१६ च्या सिंहस्थातील स्नानाला त्याचाच आधार झाला. ज्या नदीच्या नावाने यात्रा भरते तिच्यात दुसरीचे पाणी आणावे लागावे, हा जमाखर्च प्रत्येकाने मनाशी तपासून पाहण्याजोगा आहे.

तेव्हा यापुढे महिन्याचा आकडा वाचताना तीन प्रश्न विचारावेत. पाऊस किती दिवसांत पडला? तो थांबल्यावर ओढा किती दिवस वाहिला? आणि विहिरीचे पाणी गेल्या वर्षी याच महिन्यात होते त्याच्या वर आहे की खाली? केंद्रीय भूजल मंडळ निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यांत पावसाळ्यापूर्वीचे आणि नोव्हेंबरातले माप विशेष महत्त्वाचे. कारण ह्या दोहोंतील अंतर म्हणजे त्या वर्षीची जमीनखात्यातली जमा. आपल्या गावच्या विहिरीवर दोरी आणि टेप घेऊन हे माप कोणालाही घेता येईल, भिंतीवर खडूने टिपून ठेवता येईल. खर्चाच्या बाजूला शेतकऱ्याने रब्बीचे पीक निवडण्यापूर्वी ते पाहावे.

शहरवासीयांसाठी एक छोटासा हिशेब. १०० चौरस मीटर छपरावर इंदुरात वर्षाला सुमारे ९५ हजार लिटर पाणी पडते. त्याचा मोठा भाग गाळून विहिरीत सोडता येतो. जे पाणी फुकट दारी येते ते गटारात सोडावयाचे आणि दुसरे विंध्यापलीकडून चढवून आणावयाचे, हा व्यवहार कोणत्या दुकानदाराला परवडेल? आकाशातून येणारी जमा वाढविणे आपल्या हाती नाही. ती मुरविणे आणि मुरले तेवढ्यातच खर्च भागविणे, एवढे मात्र आपल्या हाती निश्चित आहे.