मणी सरकवा, श्वास मोजा

हिवाळ्याच्या दिवसांत मंद्रूपसारख्या गावातील अंगणवाडीत गेलो, तर सर्दी-खोकल्याची मुले हमखास दिसतात. यांपैकी बहुतेकांचा खोकला काही दिवसांत आपोआप बरा होतो. एखाद्या मुलाला मात्र न्यूमोनिया झालेला असतो. त्याला वेळेवर औषध मिळाले नाही, तर दोन-तीन दिवसांतही ते दगावू शकते. खोकतात सगळीच, मग त्यांतले धोक्यातले मूल ओळखायचे कसे? क्ष-किरण यंत्र आणि बालरोगतज्ज्ञ काही प्रत्येक वाडीवस्तीवर असू शकत नाहीत. या प्रश्नाचे एक फार चांगले उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यात मिळाले. ते समजण्यासाठी आधी न्यूमोनियात काय होते ते पाहू.

आपल्या फुप्फुसांत हवेने भरलेले असंख्य सूक्ष्म वायुकोश असतात. रक्तात प्राणवायू मिसळतो तो येथेच. न्यूमोनियात जंतुसंसर्गामुळे काही वायुकोशांत पू आणि द्राव साचतो. त्यामुळे एका श्वासात मिळणारा प्राणवायू कमी पडतो. शिवाय फुप्फुस ताठर होते आणि ते पूर्ण फुगवण्यास फार श्रम पडतात. मग शरीर सोपा मार्ग निवडते : खोल श्वास घेण्याऐवजी उथळ, पण भरभर श्वास. आजार आणखी वाढला की मूल जोर लावून श्वास ओढते. बाळाच्या बरगड्या लवचीक असल्याने श्वास घेताना छातीचा खालचा भाग फुगण्याऐवजी आत खेचला जातो. विदर्भातील खेड्यांत याला ‘डब्बा’ म्हणतात.

म्हणजे फुप्फुसात काय चालले आहे याची बातमी बाहेरून दिसणाऱ्या श्वासात असते. पापुआ न्यू गिनीत काम करणारे डॉ. फ्रँक शॅन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली दाखवून दिले, की खोकणाऱ्या मुलाचा जलद श्वास ही न्यूमोनिया ओळखण्याची उपयुक्त खूण आहे. १९८८ साली वेल्लोर येथील अभ्यासानेही याला दुजोरा दिला. यातूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा ठरल्या. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे ‘जलद श्वास’. वय जितके लहान तितका नेहमीचा श्वासही जलद असतो, म्हणून मर्यादा वेगवेगळ्या.

अशी मर्यादा ठरवताना दोन प्रकारच्या चुका संभवतात. मर्यादा उंच ठेवली तर काही आजारी मुले निसटतात. खाली आणली तर साध्या सर्दीच्या मुलांनाही प्रतिजैविके दिली जातात, आणि त्यातून औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात. दोन्ही चुका एकदम शून्य करता येत नाहीत. डॉक्टर दूर असेल तेथे पहिली चूक जिवावर बेतते, हे लक्षात घेऊनच मर्यादा निवडावी लागते.

आता गडचिरोलीकडे वळू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील आरोग्यसेवक आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखून औषध देण्याचे शिक्षण दिले. अडचण अशी, की अनेक सुईणींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि पन्नासपर्यंत मोजताही येत नव्हते. दहापर्यंत मात्र येत होते. तेव्हा एक साधे उपकरण तयार झाले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि दोन वयोगटांसाठी मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया समजायचा.

या प्रयोगात ५८ गावांत ही सेवा होती आणि तुलनेसाठी ४४ गावे घेतली होती. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार केलेल्या ६१२ रुग्णांपैकी ०.८ टक्के मुले दगावली. तुलनेच्या गावांतील रुग्णांत हेच प्रमाण १३.५ टक्के होते. येथे चिकित्सक वाचक विचारील : सुईणींनी साध्या सर्दीलाच न्यूमोनिया म्हटले असेल, तर मृत्यूचे प्रमाण कमी दिसणारच! शंका रास्त आहे. म्हणूनच दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५, तर सेवेच्या गावांत ८.१ होते. निदानाचे नाव काहीही द्या, प्रत्यक्ष मृत्यू निम्म्याहून कमी होते.

जगात १९९० साली पाच वर्षांखालील सुमारे सव्वा कोटी मुले मृत्युमुखी पडली. २०२२ साली ही संख्या ४९ लाखांवर आली. लसी, क्षार-संजीवनी, स्तनपान, बरे पोषण अशा अनेक गोष्टींचा यात वाटा आहे. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूविरुद्धची लस भारतात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने दिली जाऊ लागली. तरीही संसर्गजन्य रोगांपैकी मुलांचे सर्वाधिक बळी घेणारा रोग आजही न्यूमोनियाच आहे.

श्वासमापन वर्गात सहज शिकवता येईल. एका दोऱ्यात मणी ओवा, सेकंदकाट्याचे घड्याळ घ्या आणि विद्यार्थ्यांना घरातील लहान भावंडाचे श्वास मोजायला सांगा. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. मूल शांत असावे. रडताना किंवा दूध पिताना मोजू नये. तान्ह्या बाळाचा श्वास अनियमित असतो, म्हणून पूर्ण मिनिट मोजावे. आकडा साठ किंवा त्याहून अधिक आला, तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी.

मात्र औषध ठरवणे हे विद्यार्थ्यांचे काम नव्हे. खोकणाऱ्या मुलाचा श्वास मर्यादेइतका किंवा त्याहून जलद असेल, तर त्याच दिवशी त्याला आरोग्य केंद्रात न्यावे. छाती आत खेचली जात असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल, गुंगीत असेल, त्याला झटके येत असतील किंवा ओठ निळे पडले असतील, तर क्षणाचाही विलंब करू नये. मंद्रूपच्या परिसरात कोणाच्या घरी मराठी बोलतात, कोणाच्या घरी कन्नड. दहा श्वासांना एक मणी हा हिशेब मात्र दोन्ही घरांत सारखाच कळतो. तो शिकलेली मोठी बहीण घरी असली, तर धोक्यातले मूल एक दिवस आधी दवाखान्यात पोहोचेल. न्यूमोनियात एका दिवसाचे मोल फार मोठे असते.