बाटलीवरचे गाव, पोत्यावरचे गाव

वसमतच्या मोंढ्यात हळदीचे ढीग पडले की लिलावाला सुरुवात होते. व्यापारी ढिगातले हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग पाहतो आणि भाव बोलतो. संध्याकाळपर्यंत माल तोलून पोत्यांत भरला जातो, ट्रक लागतात. पोत्यावर असलाच तर व्यापाऱ्याचा मार्का असतो. गावाचे नाव मोंढ्याच्या फाटकातच मागे राहते. अनेक वर्षे हे पाहूनही मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. ते खटकू लागले वाइनच्या आयात-निर्यातीविषयी वाचू लागल्यावर. हळदीच्या गावात बसून वाइनचा अभ्यास कशाला, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. उत्तर एवढेच, की गावाचे नाव ही व्यापारातली मालमत्ता कशी होते, हे वाइनच्या धंद्यात जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे दिसत नाही.

वाइन समुद्रापार दोन तऱ्हांनी जाते. एक तऱ्हा बाटलीबंद मालाची. २० फुटी कंटेनरात साधारण १२ हजार बाटल्या मावतात आणि प्रत्येक बाटलीवर उत्पादकाचे व प्रदेशाचे नाव असते. दुसरी तऱ्हा सुट्या मालाची. त्याच कंटेनरात प्लास्टिकची एक प्रचंड पिशवी बसवतात. तिला फ्लेक्सिटँक म्हणतात. तिच्यात सुमारे २४ हजार लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ३२ हजार बाटल्यांइतकी वाइन जाते. ती आयातदाराच्या देशात बाटल्यांत भरली जाते आणि अनेकदा त्याच्याच लेबलखाली विकली जाते. वाहतूक स्वस्त पडते, पण बोलणी लिटरच्या भावावर येतात. द्राक्ष कुणी पिकवले, हा प्रश्न मागे पडतो. आमची हळद ही या दुसऱ्या तऱ्हेने जाते.

बाटलीबंद मालात आयातदार हा नुसता गिऱ्हाईक नसतो. युरोपीय संघात बाहेरची वाइन उतरवताना प्रयोगशाळेच्या पृथक्करणासह ठराविक दाखला लागतो आणि लेबलवर आयातदाराचे नावही द्यावे लागते. भारतात विदेशी वाइनवर अनेक वर्षे १५० टक्के आयातशुल्क होते. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाल्यावर तिथल्या ठराविक किमतीवरच्या वाइनसाठी ते टप्प्याटप्प्याने कमी होऊ लागले. शिवाय प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी करावी लागते. इतका खर्च आणि स्वतःचे नाव पणाला लावणारा आयातदार एका सौद्यापुरते पाहत नाही. यंदा आला तसाच माल पुढच्या वर्षी येईल का, आणि आल्यास तो तिथलाच कशावरून, हे दोन प्रश्न तो निर्यातदाराला विचारतो.

आपल्याकडे हे आधी अनुभवले ते नारायणगावने. १९८० च्या दशकात तिथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने शॅम्पेनच्या पद्धतीने फसफसणारी वाइन तयार झाली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी गेली. पद्धत शॅम्पेनची असली तरी नाव शॅम्पेनचे घेता येत नव्हते, कारण ते एका प्रदेशाचे नाव आहे.

त्या प्रदेशाला हे नाव फुकट मिळालेले नाही. १९१० साली शॅम्पेनचे पीक जवळजवळ बुडाले. तरीही बाहेरच्या प्रदेशांतली स्वस्त वाइन आणून शॅम्पेन म्हणून विकणारे व्यापारी होते. जानेवारी १९११ मध्ये चिडलेल्या द्राक्ष उत्पादकांनी असा माल अडवून मार्न नदीत ओतला. एप्रिलमध्ये आय या गावात जाळपोळ झाली आणि सैन्य बोलवावे लागले. हद्द आखणारा कायदा १९०८ पासून होता, पण कागदाने मिसळ थांबली नव्हती. १९४१ मध्ये उत्पादक आणि व्यापारी यांची समसमान प्रतिनिधित्व असलेली समिती स्थापन झाली. ती आजही काम करते. कायदा आधी आला. दोन्ही बाजू एका टेबलाशी बसायला आणखी ३३ वर्षे लागली.

जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या ट्रिप्स करारातही वाइनचे वजन दिसते. त्याच्या २३ व्या कलमानुसार वाइन आणि मद्यार्क यांच्या बाबतीत ‘अमुक प्रकारची’, ‘अमुक शैलीची’ असे म्हणूनही दुसऱ्याच्या प्रदेशाचे नाव वापरता येत नाही. इतर मालाला २२ वे कलम लागू. तिथे ग्राहकाची दिशाभूल होते हे दाखवावे लागते. हे जादा संरक्षण इतर वस्तूंनाही द्यावे, अशी भारताची मागणी आहे.

वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गावात फटाके वाजले नाहीत, पण समाधान होते. खरे काम मात्र त्यानंतरचे आहे. आपल्या १९९९ च्या कायद्यात मानांकनाची नोंदणी उत्पादकांच्या संस्थेच्या नावे होते. प्रत्यक्ष ते नाव वापरायचे तर शेतकऱ्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. नोंदणी १० वर्षांची असते, नंतर नूतनीकरण. नावाचीही एक गंमत आहे: आपण वसमत लिहितो, रेल्वेच्या वेळापत्रकात बसमत असते. परदेशी आयातदाराला ही दोन गावे वाटू शकतात.

याहून मोठी अडचण मिसळीची आहे. आमच्याकडे लावतात ते सेलम वाण नांदेड, परभणीतही होते आणि तेलंगणातही. हळकुंड मोडून रंग कळतो, गाव कळत नाही. कुरकुमिन काढणाऱ्या कारखान्याला तर गावाशी देणेघेणे नसते. त्याला टक्केवारी हवी. तो माल सुटाच जाणार आणि त्यात गैर काही नाही. पण जो थोडा माल गावाच्या नावाने जावा असे वाटते, त्याला पुरावा लागेल. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाने ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभी केली आहे. तिथे बागेची नोंद होते, उर्वरित अंशाची तपासणी होते आणि पेटीवरून बागेपर्यंत मागे जाता येते. नाशिक-सांगलीचे शेतकरी हे करू शकतात, तर वसमतच्या शेतकऱ्यालाही ते अवघड नाही.

सुरुवात करायला नवे काही शोधावे लागणार नाही. आडत्या शेतकऱ्याला हिशोबाची पट्टी देतो. तिच्यावर शेतकऱ्याचे नाव, गाव, वजन आणि भाव आजही लिहिलेला असतो. म्हणजे पुरावा मोंढ्यात तयार होतो. तो शेतकऱ्याच्या खिशात आणि आडत्याच्या वहीत राहतो, पोत्यासोबत पुढे जात नाही. मानांकनाची संस्था, आडते आणि खरेदीदार यांनी बसून ही नोंद पोत्याच्या क्रमांकाशी जोडायचे ठरवले पाहिजे. हे न झाल्यास पोती भरतील, ट्रक जातील आणि वसमतच्या नावाने कुणाचीही हळद विकली जाईल.