अजिंठ्याची दीडशे वर्षांपूर्वीची चित्रं लंडनच्या स्टोअरमध्ये. मोबाईलवर कशी बघायची?

अजिंठ्याला गेलेल्या प्रत्येकाचा एक अनुभव सारखाच असतो. उन्हातून लेणी क्रमांक १ मध्ये शिरलं की पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग हळूहळू पद्मपाणी दिसायला लागतो आणि तेवढ्यात मागची रांग पुढे ढकलते. फ्लॅश वापरायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. फोनमध्ये येतो तो तपकिरी, हललेला फोटो.

मात्र याच भिंतींची एकोणिसाव्या शतकातली मोठमोठी तैलचित्रं अस्तित्वात आहेत आणि ती ऑनलाईन फुकट बघता येतात. मूळ भिंतीवरून जे नंतर उडालं, पुसट झालं, त्यातलं काही आता या प्रतींमध्येच उरलंय.

ही चित्रं काढली कुणी?

१८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ शिकारीला आला आणि लेणी जगापुढे आली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ('शोध लावला' म्हणणं जरा जास्तच, आसपासच्या लोकांना लेणी माहीत होतीच.) १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल याला चित्रांच्या प्रती काढायच्या कामावर नेमलं. जवळपास वीस वर्षं तो त्यात गुंतला होता. प्रती लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या आगीत मोजक्या सोडून सगळ्या जळाल्या.

मग काम पुन्हा सुरू झालं. बॉम्बे स्कूल ऑफ आर्टचे, म्हणजे आजच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात जात राहिले. पुढे नामवंत झालेले पेस्तनजी बोमनजी या विद्यार्थ्यांपैकीच. तेरा वर्षांत सुमारे ३०० चित्रं झाली. तीही लंडनला गेली. १८८५ मध्ये तिथल्या म्युझियमच्या इमारतीत आग लागली आणि शंभराहून जास्त गेली! नंतर जपानी चित्रकारांनी केलेल्या प्रतीही १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाल्या.

ग्रिफिथ्सच्या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. चित्रं नीट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश फासलं गेलं आणि त्याने नुकसान वाढलं. म्हणजे ज्यांनी प्रत जपली, त्यांच्याच हातून मूळ चित्राला धक्का लागला.

आता ती कुठे आहेत?

गिल आणि ग्रिफिथ्स मिळून उरलेली १६६ चित्रं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. त्यातली काही साधारण सहा मीटर बाय तीन मीटर, म्हणजे एखाद्या खोलीच्या भिंतीपेक्षा मोठी आहेत. १९५५ नंतर ती कायमस्वरूपी प्रदर्शनात नाहीत. त्यामुळे लंडनला गेलात तरी ती दिसतीलच असं नाही. फोनच बरा.

शोधायची कशी?

म्युझियमच्या साईटवर 'एक्सप्लोर द कलेक्शन्स' हा विभाग आहे. नोंदी इंग्रजीत आहेत, त्यामुळे शोधही इंग्रजीतच घ्या. अडचण अशी की बऱ्याच नोंदींचं शीर्षक जवळपास एकच आहे: 'अजिंठा लेण्यातील चित्राची प्रत'. म्हणून सोबत लेणी क्रमांक टाका. १, २, १६ आणि १७ पासून सुरुवात करा. जुन्या पुस्तकांत आणि फोटोंच्या नोंदींत 'अजंटा'ऐवजी 'अजुंटा' असं स्पेलिंग सापडतं, तेही टाकून बघा.

ग्रिफिथ्सचे १८९६-९७ चे दोन खंड आणि हैदराबाद संस्थानचे पुरातत्त्व संचालक गुलाम याझदानी यांचे १९३० ते १९५५ दरम्यान निघालेले चार भाग यांच्यासाठी इंटरनेट अर्काइव्ह बघा. फक्त स्कॅन रंगीत आहे ना, ते आधी तपासा. आपल्याकडच्या जुन्या डिजिटायझेशनमध्ये बरीच पुस्तकं काळी-पांढरी स्कॅन झाली आहेत आणि रंगांसाठीच छापलेल्या ग्रंथाची तशी प्रत बघून काय करणार?

डाऊनलोड करून वापरू शकतो का?

स्वतःसाठी किंवा अभ्यासासाठी हो. पण पुस्तकाचं कव्हर किंवा टी-शर्ट करायचा असेल, तर म्युझियमकडून परवाना घ्यावा लागतो. चित्रं आपल्याच विद्यार्थ्यांनी काढलेली, भिंती आपल्या, फोटो त्यांचा. हे मला खटकतं.

एकदा ऑनलाईन आलं म्हणजे कायमचं राहिलं, असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथले डिजिटल संग्रह कित्येक महिने उघडत नव्हते. गिलने काढलेले अजिंठ्याचे फोटो याच लायब्ररीत आहेत.

भारतात केंद्र सरकारचं 'इंडियन कल्चर' पोर्टल २०१९ पासून आहे, ते आयआयटी मुंबईने बनवलं. पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' हे सॉफ्टवेअर केलं, ज्यावर सरकारी संग्रहालयांच्या वस्तू ऑनलाईन आल्या. दोन्ही साईट बघण्यासारख्या आहेत. पण गिल आणि ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांची ती १६६ चित्रं मराठी वर्णनासह एका ठिकाणी हवी असतील, तर ती सोय म्युझियमच्या साईटवर नाही. तोवर लेणी क्रमांक १७ पाहायला जाण्याआधी तिच्या प्रती फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. डोंगरात नेटवर्कचा भरवसा धरू नका.